तळलेल्या कोंबडीच्या व्यापारसाखळीचा विस्तार आणि मराठवाड्यातील सोयाबीन : एक ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना

'केंटकी फ्राइड चिकन' अर्थात के.एफ.सी. या अमेरिकन उपाहारगृह-साखळीचा इतिहास बहुधा एका माणसाच्या चरित्राच्या रूपाने सांगितला जातो. पांढरा सूट, पांढरी दाढी, अकरा मसाल्यांचे गुपित आणि साठी उलटल्यावर मिळालेले यश, एवढ्या सामग्रीवर वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांतून हार्लंड सँडर्स यांची कथा जिद्दीचे उदाहरण म्हणून रंगविली जाते. ती कथा खोटी नाही. परंतु तिच्यातून एक प्रश्न सातत्याने निसटतो. तळण्यासाठी लागणारी कोंबडी कोठून आली, ती काय खाऊन वाढली आणि ते खाद्य कोणाच्या शेतात पिकले, हा तो प्रश्न होय. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने तो निव्वळ कुतूहलाचा विषय नाही. खरिपातील सोयाबीन हे आज या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे मुख्य साधन आहे आणि सोयाबीनचा भाव बऱ्याच अंशी कुक्कुटखाद्याच्या मागणीवर ठरतो. प्रस्तुत लेखात या साखळीच्या विस्ताराचा मागोवा या दुसऱ्या टोकाकडून घेतला आहे.

कॉर्बिनचा महामार्ग आणि चार सेंटचा करार

हार्लंड सँडर्स यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी इंडियाना राज्यातील हेन्रिव्हिल येथे झाला. १९३० मध्ये केंटकी राज्यातील कॉर्बिन या गावी त्यांनी पेट्रोलपंप चालविण्यास घेतला व तेथे थांबणाऱ्या प्रवाशांना जेवू घालण्यास आरंभ केला. कढईत कोंबडी तळून होण्यास अर्धा तास लागे आणि प्रवाशाला तेवढी सवड नसे. १९३९ च्या सुमारास त्यांनी प्रेशर कुकरचा उपयोग तळण्यासाठी करून हा वेळ काही मिनिटांवर आणला. मसाल्याच्या गुपिताचा गवगवा फार झाला. पण व्यवसायाच्या इतिहासात या कुकरचे महत्त्व अधिक मानावे लागेल. कारण मसाला चव देतो, तर कुकरने वेळ नियमित केला आणि वेळ नियमित झाल्यावाचून एकच पदार्थ शंभर ठिकाणी सारखा विकता येत नाही.

१९५२ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील उपाहारगृहचालक पीट हार्मन यांनी सँडर्स यांच्याकडून ही कृती घेतली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे चार सेंट, असा तो व्यवहार होता. पुढे लवकरच कॉर्बिनवरून जाणारी वाहतूक नव्या आंतरराज्य महामार्गाकडे वळणार हे स्पष्ट झाले, सँडर्स यांच्या जागेची किंमत घसरली आणि १९५६ मध्ये त्यांनी ती विकून टाकली. बाह्यवळण रस्त्याने गावातील हॉटेले ओस पडल्याचे ज्यांनी सोलापूर-धुळे मार्गावर पाहिले आहे, त्यांना या घटनेचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. हाती उरले ते सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन आणि एक पाककृती. कुकर व मसाल्याच्या पिशव्या मोटारीत टाकून सँडर्स गावोगावची उपाहारगृहे गाठू लागले.

येथे फ्रँचायझी पद्धतीचे मर्म दिसून येते. दुकान, भाडे, नोकर, नुकसान हे सर्व स्थानिक चालकाचे. नाव, कृती व शिस्त मालकाची. आणि मालकाचा वाटा नफ्यावर न ठरता विक्रीवर ठरतो. चालक तोट्यात गेला तरी कोंबडी विकली गेली की चार सेंट येतात. या पद्धतीने सहाशेहून अधिक ठिकाणी विस्तार झाल्यावर १९६४ मध्ये सँडर्स यांनी कंपनी जॉन ब्राउन (धाकटे) आणि जॅक मॅसी यांना २० लाख डॉलर्सना विकली. १९७१ मध्ये ती ह्युब्लाइन या मद्यव्यवसायातील कंपनीकडे, १९८२ मध्ये ह्युब्लाइनसह आर.जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीकडे, १९८६ मध्ये पेप्सिकोकडे गेली आणि १९९७ मध्ये पेप्सिकोपासून विलग झालेल्या, पुढे 'यम ब्रँड्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत समाविष्ट झाली. संस्थापक मात्र १९८० मध्ये निधन होईपर्यंत नव्या मालकांच्या रश्श्याला उघडपणे नावे ठेवीत राहिले.

एकसारखी कोंबडी

साखळीच्या वाढीस आवश्यक असलेली दुसरी गोष्ट कंपनीने स्वतः निर्माण केलेली नव्हती. एकाच वजनाची, एकाच वयाची कोंबडी बारमाही मिळाली तरच एका ठरावीक तापमानात, ठरावीक मिनिटांत ती सारखी तळली जाते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतही कोंबडी ही प्रामुख्याने अंड्यांच्या व्यवसायातील जोडउत्पादन होती. महायुद्धानंतर 'उद्याची कोंबडी' या नावाने तेथे देशव्यापी स्पर्धा झाली. मांसल छातीची, लवकर वाढणारी जात शोधणे हा तिचा हेतू होता. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियातील व्हॅनट्रेस यांच्या पैदाशीस पहिला क्रमांक मिळाला. याच सुमारास जॉर्जिया राज्यात जेसी ज्यूएल या खाद्यविक्रेत्याने शेतकऱ्यांना पिल्ले व खाद्य उधार देऊन वाढलेले पक्षी परत घेण्याची पद्धत रुजविली. खाद्यविक्रेता, उबवणी केंद्र, कत्तलखाना हे सर्व एका हाती आले आणि शेतकरी स्वतःच्या शेडमध्ये दुसऱ्याचे पक्षी सांभाळणारा झाला.

या दोन्ही गोष्टी भारतात आणण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. बी. व्ही. राव यांच्याकडे जाते. त्यांनी १९७१ मध्ये हैदराबाद येथे व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. नंतर या उद्योगसमूहाचे केंद्र पुणे झाले. अमेरिकेतील कॉब कंपनीच्या सहकार्याने 'वेनकॉब' ही मांसल कोंबडीची जात येथे प्रसारित झाली. (व्हॅनट्रेस यांची पैदास पुढे कॉबकडेच आली, त्यामुळे 'उद्याची कोंबडी' एका आडवळणाने पुण्यास पोहोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.) अंड्यांचे भाव कोसळल्यानंतर १९८२ मध्ये राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि उत्पादकांनी आपला भाव आपण जाहीर करण्यास प्रारंभ केला. शेतमालाच्या इतिहासात ही गोष्ट विरळाच. १९९० मध्ये राव यांना पद्मश्री देण्यात आली व १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. के.एफ.सी. भारतात आली तेव्हा तिला हवी तशी कोंबडी येथे आधीच तयार होती, ही वस्तुस्थिती या साखळीच्या भारतीय इतिहासात क्वचितच नोंदविली जाते.

बंगळूर १९९५ : दोन शेतकरी चळवळींची दोन उत्तरे

भारतातील पहिले के.एफ.सी. जून १९९५ मध्ये बंगळूर येथील ब्रिगेड रोडवर उघडले. सप्टेंबरमध्ये तेथील महानगरपालिकेने, अजिनोमोटोचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या कारणावरून परवाना रद्द केला; उच्च न्यायालयाच्या आदेशाने दुकान पुन्हा सुरू झाले. दिल्लीतील दुकानावरही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कारवाई झाली. ३० जानेवारी १९९६ रोजी प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखालील कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरच्या दुकानावर हल्ला करून मोडतोड केली. ऑगस्ट १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प रद्द केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळातील वातावरणाची कल्पना येते.

या आंदोलनाची नोंद पुष्कळदा परकीय खाद्यसंस्कृतीला झालेला विरोध अशी केली जाते. ते अपुरे आहे. नंजुंडस्वामी यांच्या आक्षेपाचा एक भाग शेतीविषयक होता. मांसासाठी पोसलेल्या कोंबड्या माणसाचे धान्य खातील, जमीन चाऱ्याच्या पिकांकडे वळेल आणि लहान शेतकरी कंपनीच्या मुठीत जाईल, अशी ती भीती होती.

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी याच काळात नेमकी उलट भूमिका मांडीत होते. डंकेल प्रस्तावाला पाठिंबा देणारे ते देशातील प्रमुख शेतकरी नेते होत. शेतकऱ्याचे खरे शोषण सरकारच्या निर्यातबंदीतून, आयातीतून आणि भाव पाडण्याच्या धोरणातून होते. बाजार मोकळा झाला तर मागणी वाढेल आणि भावही वाढेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकाला कोंबडीच्या दुकानात जमिनीवरील आक्रमण दिसत होते, तर दुसऱ्याच्या तर्कानुसार तेथे शेतमालाला नवे गिऱ्हाईक होते.

यांपैकी कोणाचे खरे ठरले, याची परीक्षा बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर होणे शक्य नव्हते. ती पुढे मराठवाड्यातील बाजार समित्यांच्या आवारात झाली.

ज्वारीच्या रानात सोयाबीन

मराठवाड्यात खरीप ज्वारी मागे पडून सोयाबीन पुढे आले, हा गेल्या तीन-चार दशकांतील फार मोठा बदल आहे. पीक शंभर दिवसांच्या आसपास हाती येते, पैसा दिवाळीच्या तोंडावर मिळतो आणि रब्बीसाठी रान मोकळे होते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, केज, परळी या लातूरलगतच्या तालुक्यांना लातूरची मोठी बाजारपेठ जवळ पडते. सोयाबीन हे तेलबियांत मोडत असले तरी त्यात तेल साधारण १८ टक्केच असते. उरते ती पेंड, आणि प्रथिनांनी समृद्ध असलेली ही पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणून सोयाबीन हे वस्तुतः पेंडीचे पीक आहे, तेल त्यातील दुय्यम भाग होय.

हिशेब मांडून पाहता येतो. मांसल कोंबडी सुमारे ३५ ते ४२ दिवसांत दोन किलो वजनाची होते आणि तेवढ्या वजनासाठी साधारण साडेतीन किलो खाद्य खाते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग मक्याचा व पाव ते तिसरा हिस्सा सोयापेंडीचा असतो. म्हणजे एका पक्ष्यामागे सुमारे एक किलो पेंड. एक क्विंटल सोयाबीनपासून ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर एका एकरातील पेंडीवर चारशे कोंबड्या वाढतात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकरी घरातील सोयाबीनही याच वाटेने जाते आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही; कारण आडतीवर पोते उतरल्यानंतर माल कोणाचा व कोठे गेला, हे विचारण्याची रीत नाही.

अर्थात येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भारतात विकली जाणारी बहुतांश कोंबडी आजही गल्लीतील दुकानात डोळ्यांसमोर कापून घेतली जाते. साखळी-दुकानांचा वाटा एकूण खपात अल्प आहे. अमुक एका बादलीतील कोंबडीने केजचे सोयाबीन खाल्ले, असे दाखविता येणार नाही आणि तसे म्हणण्याचा येथे हेतूही नाही. साखळीचे महत्त्व तिच्या खपापेक्षा तिने रूढ केलेल्या व्यवहाराच्या घडणीत आहे. तीच घडण दुकानापासून शेडपर्यंत उतरलेली दिसते.

करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची असतात. शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि अंगमेहनत शेतकऱ्याची. बॅच उचलली गेली की वजनावर किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो. मरतुक किंवा खाद्याचा वापर मर्यादेबाहेर गेला तर त्यात कपात होते. बाजारातील चढउताराचा धोका कंपनी घेते, हे या पद्धतीचे मोठे गुण म्हणून सांगितले जाते व ते काही प्रमाणात खरेही आहे. पण उन्हाचा धोका कोणाचा? बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला वाढीच्या अखेरच्या आठवड्यात दिवसाला हजार-बाराशे लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात 'पाणी शेतकऱ्याचे' हे करारातील दोन शब्द फार महाग पडतात. ऊसतोडीच्या उचलीशी या कराराची तुलना कोणी केल्यास ती पूर्णतः लागू पडणार नाही. येथे रोख उचल नसते, मुकादम नसतो आणि स्थलांतरही नसते. तथापि माल दुसऱ्याचा आणि जोखमीचा मोठा भाग आपला, हे सूत्र दोन्हीकडे ओळखीचे आहे.

रोगराईच्या वेळी हे अधिक ठळक होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्ल्यूचा उद्रेक झाला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२० च्या आरंभी कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने जिवंत पक्ष्याचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या व तपासणीत बर्ड फ्ल्यू निष्पन्न झाला. त्याच वेळी बीड जिल्ह्यातील मृत कावळ्यांतही विषाणू आढळला. शहरातील दुकान अशा वेळी आठवडाभर शाकाहारी पदार्थ पुढे करून तग धरू शकते. शेडला तो पर्याय नाही.

ऑगस्ट २०२१

१९९६ नंतर के.एफ.सी. भारतात काही वर्षे जवळजवळ गोठून राहिली. २००४ च्या सुमारास तिने पुन्हा हातपाय पसरण्यास प्रारंभ केला. या वेळी शाकाहारी पदार्थ, त्यांच्यासाठी वेगळे स्वयंपाकघर आणि भारतीय तिखटपणा यांची जोड होती. दुकाने चालविण्याचे काम मुख्यतः देवयानी इंटरनॅशनल आणि २०१५ मध्ये स्थापन झालेली सफायर फूड्स या दोन भारतीय कंपन्यांकडे आले. हार्मन यांचे एक उपाहारगृह आणि शेकडो दुकाने चालविणारी भांडवली कंपनी यांत पदाचे नाव तेवढे समान राहिले आहे. देवयानीचे समभाग १६ ऑगस्ट २०२१ रोजी शेअर बाजारात नोंदले गेले. सफायरचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये.

याच ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा गाठला होता. त्या हंगामाचा हमीभाव ३,९५० रुपये होता. हा भाव फारच थोड्या शेतकऱ्यांच्या पदरात पडला, हेही सांगितले पाहिजे. मागील वर्षीचे बहुतेक सोयाबीन काढणीच्या सुमारासच विकले गेले होते. परंतु शेतात पीक उभे होते आणि आशा होती. पेंड महागल्यामुळे कुक्कुट उद्योगाने आयातीची मागणी केली आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करण्यास अनुमती दिली. भारतात जनुकीय सुधारित सोयाबीन पेरण्यास परवानगी नाही. त्याची पेंड आणण्यास मात्र ती मिळाली. नवीन मालाची आवक सुरू होईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. त्या घसरणीला आंतरराष्ट्रीय बाजार आणि नव्या पिकाची आवक हीही कारणे होती, पण आयातीच्या निर्णयाने व्यापाऱ्यांचा कल बदलला हे नाकारता येणार नाही. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित झाले आणि सोयापेंडीवर साठामर्यादा लागू झाली.

समभागांची नोंदणी आणि आयातीची अनुमती यांत आठ दिवसांचे अंतर आहे. त्या दोहोंत कार्यकारणसंबंध शोधणे चुकीचे ठरेल. तरीही १९९५ च्या दोन भूमिका या आठ दिवसांवर ताडून पाहण्याजोग्या आहेत. कोंबडीच्या मागणीने शेतमालाला भाव मिळू शकतो, हा जोशी यांचा तर्क दहा हजारांच्या भावाने खरा ठरविला. भाव चढताच सरकार हस्तक्षेप करते, हेही त्यांच्याच मांडणीत बसते. पण तो हस्तक्षेप ज्यांच्या मागणीवरून झाला तो उद्योग संघटित होता, थोडक्या हातांत एकवटलेला होता आणि त्याचा शब्द दिल्लीत ऐकला जात होता. मोकळ्या बाजारात असे बलाढ्य गिऱ्हाईक उभे राहील, याचा पुरेसा विचार जोशी यांच्या मांडणीत आढळत नाही. तो नंजुंडस्वामी यांच्या भीतीत होता. उलट नंजुंडस्वामी यांना सोयाबीन पेरणारा शेतकरी या व्यवहारात स्वेच्छेने आणि लाभाच्या अपेक्षेने उतरेल, हे दिसले नाही. अंडी उत्पादकांनी १९८२ मध्ये जे साधले, ते सोयाबीन उत्पादकाला साधलेले नाही. अंडे रोजचे असते, उत्पादक मोजके असतात. सोयाबीन एकदाच निघते, उत्पादक लक्षावधी असतात आणि काढणीच्या वेळी प्रत्येकाची देणी एकाच आठवड्यात दारात उभी असतात.

मार्च २०२४ अखेर या दोन कंपन्यांची मिळून भारतातील के.एफ.सी. दुकाने हजारावर गेली होती. त्या वर्षीच्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला. काढणीच्या वेळी मराठवाड्यातील बाजारात भाव त्याखाली राहिला आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा ठरला. या वेळी पेंड आयात झालेली नव्हती. मका व तांदळापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात उपलब्ध झाला होता आणि खाद्य-कारखान्यांनी सोयापेंडीचे प्रमाण कमी करून तो वापरण्यास सुरुवात केली होती.